बी.पी.एड. कुठं करावं: बेळगाव-धारवाडकडं की कोल्हापूर-पुण्याकडं?

पदवी झाली, कबड्डी नाहीतर खो-खो कॉलेजकडून खेळून झाली, आता बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करून शाळेत पी.टी. सर किंवा मॅडम व्हायचंय. खानापूर, निपाणी, बेळगावच्या मुलामुलींना पुढं दोन वाटा दिसतात. मी धारवाडला शिकलो, माझ्या तालमीतला मित्र कोल्हापूरला गेला. दोघंही आज शाळेत आहोत, त्यामुळं दोन्हीकडचं जवळून बघितलंय.

अभ्यासक्रमावरून निवड करू नका. एन.सी.टी.ई.च्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांनी बी.पी.एड. देशभर दोन वर्षांचं झालं. शरीररचना, शरीरक्रिया, योग, प्रथमोपचार, पंचगिरी, पाठ टाचणं, शाळेतले सराव पाठ हे सगळं दोन्हीकडं आहे. फक्की घेऊन २७ बाय १६ मीटरचं खो-खोचं मैदान आम्ही दोघांनीही आखलं. पदवीचे गुण आणि स्पर्धेतला सहभागही दोन्हीकडं बघतात, म्हणून खेळाची प्रमाणपत्रं जपून ठेवा. महाराष्ट्रात त्याशिवाय राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, आहे. लेखी परीक्षेसोबत मैदानी चाचणीही द्यावी लागते.

खरा फरक भाषेचा. इकडं, म्हणजे बेळगाव-धारवाडला, वर्गात कन्नड आणि इंग्रजी. मराठी शाळेतून आलेल्याला पहिलं सेमिस्टर जड जातं, मलाही गेलं. पण सराव पाठाला कन्नड शाळेत उभा राहिलो आणि ‘ओडु’ (पळ), ‘निल्लु’ (थांब) म्हणत म्हणत तोंडात कन्नड बसलं. आज त्याचाच उपयोग होतो. कर्नाटकात सरकारी नोकरी हवी तर कन्नड आलंच पाहिजे. आपल्या मराठी शाळांतही कार्यालयाचे कागद, तालुका स्पर्धांच्या बैठका कन्नडमध्येच असतात. मित्राला कोल्हापुरात विषय मराठीतून नीट समजला. पोटरीत गोळा का येतो, मुरगळलेला पाय लगेच का चोळायचा नाही, हे तो मुलांना माझ्यापेक्षा सोपं करून सांगतो. आरोग्य शिकवणाऱ्याला ही गोष्ट फार मोलाची. इकडं परत येऊन नोकरी शोधताना मात्र त्याचं कन्नड कमी पडलं.

म्हणून आधी नोकरी कुठं करायची ते ठरवा. महाराष्ट्रात जायचं असेल तर सीमाभागातल्या आपल्या लोकांना एक दार उघडं आहे. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या रहिवाशाला, १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला असेल तर, तिथल्या शासकीय नोकरीसाठी अर्ज करता येतो. २००८ चा शासन निर्णय आहे. दाखल्याची धावपळ जाहिरात आल्यावर सुरू करू नका. शिक्षक भरतीसाठी तिकडं २०० गुणांची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ) आहे, त्याचीही तयारी लागेल.

जागांबद्दल दोन्हीकडं डोळे उघडे ठेवा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी, तेही पट शंभरावर असेल तरच, आरोग्य व शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, सांगितलाय. खानापूरच्या रानातल्या लहान मराठी शाळांत पूर्णवेळ जागा निघणं किती अवघड, ते यावरून कळतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पळायला तयार पोरं तिथंच जास्त आहेत.

बारावीनंतर डी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदविका) करून लवकर मोकळं व्हावं असं काहींना वाटतं. ते प्राथमिकपुरतं. हायस्कूल हवं असेल तर बी.पी.एड.च करा.

घरून जाऊन-येऊन करायचं असेल तर निपाणीकराला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, खानापूरकराला बेळगाव त्याहून जवळ. मुलींना विजयपूरच्या महिला विद्यापीठाचाही पर्याय आहे. पुण्याचं आगाशे कॉलेज १९७७ पासूनचं, नावाजलेलं; पण राहण्या-जेवणाचा खर्च धरून हिशेब करा.

माझं मत विचाराल तर, सीमाभागातच राहायचं असेल तर इकडं शिका आणि कन्नड पक्कं करा. मराठीतून शिकवायची मनापासून ओढ असेल, दाखला हातात असेल, तर कोल्हापूर.

कुठलंही कॉलेज घ्या, एन.सी.टी.ई.ची मान्यता तपासा. हजेरी कागदावरच लावणारी ठिकाणं मी बघितली आहेत; तिथून बाहेर पडलेल्याला शाळेत रिले शर्यतीचे बॅटन बदलून दाखवता येत नाहीत. फी भरण्याआधी एकदा सकाळी सहाला न सांगता मैदानावर जा. पोरं धावताना दिसली, शिट्टी वाजवायला सर स्वतः उभे असले, तरच कार्यालयात चौकशी करा.