जुनी दोन इंजिनांची स्पीडबोट: बडोद्यात राहून मुंबईत बोट ठेवणाऱ्याचा रिव्ह्यू

स्टार आधीच देऊन टाकतो. बोट ५ पैकी ४, इंजिनं ३, आणि "दोन इंजिनं आहेत शेठ, अडकायची भीतीच नाही" हे जे प्रत्येक दलाल सांगतो त्याला शून्य. पुढचं जरा लांबलंय, ज्यांना खरंच घ्यायची खाज आहे त्यांनीच वाचा.

बोट १९९४ ची, अमेरिकन, ३० फुटी. मागे दोन पेट्रोल इंजिनं, जनरल मोटर्सचे ४५४ क्युबिक इंच म्हणजे ७.४ लिटरचे व्ही-एट, कार्ब्युरेटरवाले, प्रत्येकी ३०० हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि मर्क्रूझर कंपनीचे ब्राव्हो वन ड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या मागे लटकणारा, प्रॉपेलर (प्रॉप) फिरवणारा भाग. बोट बनवणाऱ्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तीस वर्षांत मधल्या मालकांनी जे उद्योग करून ठेवलेत त्याचं खापर कंपनीवर कशाला फोडायचं. मी आणि माझा मेहुणा निम्मे-निम्मे भागीदार. एका बऱ्यापैकी एसयूव्हीच्या भावात मिळाली. याच साइजची नवीन घ्यायला गेलात तर सप्टेंबर २०२५ पासून नुसता जीएसटीच ४० टक्के आहे, त्यामुळे जुन्याकडे वळणं आलंच.

आता बडोद्याच्या दांडिया बाजारात भेटणारा प्रत्येकजण विचारतो ते, की ठेवतोस कुठे, सूरसागर तलावात? नकाशावर बघितलं तर खंभातचं आखात आपल्याला अगदी जवळ, पण भावनगरकडे भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरवर जातो, ओहोटीला नुसता चिखल आणि भरतीला असला ओढा की हौशी माणसाचं तिथे काम नाही. म्हणून मुंबई. चारशे किलोमीटर. सकाळची गाडी पकडायची आणि दुपारपर्यंत बोटीवर. बोट पाण्यात नांगरावर असते, पावसाळ्यात बाहेर काढून यार्डात ताडपत्रीखाली, आणि नारळी पौर्णिमा झाल्यावरही समुद्र बसेपर्यंत घाई करायची नाही. हे अंतर खर्चात धरा. तिथे कोणी विश्वासू तांडेल (बोट चालवणारा-सांभाळणारा) नसेल तर बडोद्यात बसून फोनवर बोट सांभाळता येत नाही. आमचे तांडेल, काका म्हणतो त्यांना, कोळी आहेत, जन्म समुद्रावर गेलाय, त्यांना महिन्याचा पगार देतो आणि तो या सगळ्या खर्चातला सगळ्यात वसूल खर्च आहे.

घरी परवानगी मिळवणं हा वेगळाच चॅप्टर. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या बडोद्याच्या हरणी तलावात जे झालं, बोट उलटून १४ जण गेले, त्यात १२ शाळेची पोरं, त्यानंतर आमच्या घरात बोट हा शब्दच काढायची सोय नव्हती. आईची एकच अट होती आणि ती योग्यच होती, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणी पाय ठेवायचा नाही. कितीही उकडलं तरी. पाहुणे तोंड वाकडं करतात, करू देत, ते धक्क्यावर राहतात.

बरं, बघायला गेलात तर काय बघायचं. पहिलं म्हणजे मालकाला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही, आणि पोचल्यावर आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळाला, हात लावा. गरम लागलं तर समजायचं गार असताना स्टार्ट होत नाही म्हणून आधीच चालवून ठेवलंय. आम्ही बघितलेल्या एका बोटीचं एक इंजिन गार आणि दुसरं कोमट होतं, मालक म्हणे उन्हाने. एकाच उन्हात दोन्ही होती की हो! तिथनं चहासुद्धा न घेता निघालो.

दुसरं ट्रान्सम, म्हणजे मागची भिंत जिच्यावर दोन्ही ड्राइव्ह लटकलेले असतात. त्या काळच्या बोटींत फायबरच्या आत प्लायवूड असतं आणि भोकांच्या कडेने पाणी मुरलं की आत लाकडाचा चोथा होतो, बाहेरून जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) चकाचक. सर्व्हेअर छोट्या प्लास्टिक हातोडीने इंच-इंच ठोकत जातो, टणटण आवाज आला तर ठीक, ड्राइव्हच्या खाली येता येता आवाज बद्द व्हायला लागला की पुढची बोट बघा. मॉइश्चर मीटर लावतात पण त्याच्यावरच जाऊ नका, कान लावा. सर्व्हेअर स्वतःचा न्या, दलालाने सुचवलेला नको, त्याची फी देताना जीवावर येतं पण द्या.

तिसरं कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलेंडर दाब किती धरतो ते मोजणं, सोळाच्या सोळा सिलेंडरांची. आकडा किती आला यापेक्षा सगळे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत का ते बघायचं. मॅनिफोल्ड आणि त्याच्यावरचे रायझर ओतीव लोखंडाचे, खारं पाणी त्यातूनच फिरत असेल तर पाच-सहा वर्षांत आतून खातात आणि एक दिवस पाणी सिलेंडरमध्ये उतरतं, मग इंजिन गेलंच समजा. कधी बदलले याची पावती मागा, पावती नसेल तर बदललेलेच नाहीत असं धरून भाव करा. शेवटी समुद्रात नेऊन पूर्ण थ्रॉटल द्या, या इंजिनांनी ४२०० ते ४६०० आरपीएमपर्यंत जायला पाहिजे आणि दोन्हींनी सारखंच. एक तीनशेने मागे राहत असेल तर "प्रॉप जरा घाण आहे" हे ऐकून घेऊ नका, प्रॉप साफ करा म्हणावं, परत येतो.

आता मुद्द्याचं, ते दुसऱ्या इंजिनाचं. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं हे खोटं नाही. पण एका इंजिनावर ही बोट प्लेनवर (पाण्यावर उचलून घसरत धावायला) येतच नाही, बंद ड्राइव्ह वर उचलून सात-आठ नॉटने रखडत यावं लागतं. आणि मुळात दोन्ही इंजिनं एकाच वयाची, एकाच मालकाने दुर्लक्षित केलेली, एकाच खाऱ्या हवेत बसलेली, त्यामुळे जुळ्या पोरांना गोवर यावा तशी दोन्हींची दुखणी एका पाठोपाठ एक येतात. गेल्या सीझनमध्ये मांडव्याहून परत येताना डावं इंजिन खोकायला लागलं, आरपीएम खाली आले, बंद झालं. मेहुणा ऐटीत म्हणाला, काही नाही, म्हणून तर दोन घेतली. पाच मिनिटांत उजवंही तेच करायला लागलं. काकांनी शांतपणे नांगर टाकला आणि म्हणाले, "शेट, ट्याकी तर येकच हाय ना."

फिल्टर काढून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतला तर खाली गढूळ थर आणि वर पिवळट पेट्रोल, मध्ये सरळ रेघ. याला कारण इथेनॉल. मर्क्रूझरच्या मॅन्युअलात १० टक्क्यांपर्यंत चालेल लिहिलंय आणि आपल्या पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, बोटीच्या टाकीचा व्हेंट उघडाच, समुद्रावर दमट हवा, बोट तीन-तीन आठवडे उभी. एका मर्यादेपलीकडे पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात, आणि सक्शन पाइप तळातूनच ओढतो. वरनं १९९० च्या जमान्यातले रबरी पाइप त्याने मऊ पडतात ते वेगळंच. कोयलीला रिफायनरी असलेल्या गावातल्या माणसाने पेट्रोलपायी समुद्रात बसून राहावं, आता बोला. तेव्हापासून सगळे फ्युएल पाइप नवे टाकले, दोन्ही इंजिनांना पाणी वेगळं करणारे मोठे फिल्टर, प्रत्येक फिल्टरचा जोड बोटीवर स्पेअर, आणि जास्त दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून पेट्रोल काकांच्या ओळखीत बाइकवाल्यांना. टाकीला मधे पडदा घालून दोन करता येतील का ते यार्डवाल्याला विचारलंय, तसं झालं तरच दुसऱ्या इंजिनाला खरा अर्थ.

पेट्रोल पिण्याचं प्रमाण विचाराल तर ३२०० आरपीएमवर २८ नॉट, म्हणजे ताशी पन्नासेक किलोमीटर, आणि दोन्ही मिळून तासाला शंभर-एकशेदहा लिटर. गेटवे ते मांडवा समुद्रातनं वीस-बावीस मिनिटांत पोचतो, चाळीस लिटर जातं, म्हणजे चारेक हजार रुपये एका बाजूचे. शेजारून प्रवासी लाँच तासाभरात दोन-अडीचशेत नेते, वर वडापाव खात खात. हिशोब करणाऱ्याने ही बोट घेऊच नये.

मग चार स्टार कशाचे? हलचे, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचे. डीप-व्ही, म्हणजे खोल व्ही आकाराचा तळ, हा प्रकार रे हंट या अमेरिकन डिझायनरचा, १९६० च्या मायामी-नसाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रात बर्ट्रामची असली बोट पहिली आली आणि मग फॉर्म्युला, डोंझी, सिगारेट या कंपन्या काढणाऱ्या डॉन अ‍ॅरोनावसारख्यांनी त्यावरच धंदा उभा केला. पुस्तकी वाटेल, पण दुपारी वारा वायव्येकडून लागतो आणि बंदराच्या तोंडाशी तीन फुटी लाटा उभ्या राहतात तेव्हा आजूबाजूच्या चपट्या तळाच्या बोटी धाडधाड आपटत असतात आणि ही लाट कापत जाते, पोटातलं पाणी हलत नाही म्हणतात ते जवळपास खरं. दोन थ्रॉटल हातात घेऊन आरपीएम जुळवायचे, जुळले नसले की घूं-घूं अशी आवाजाची लाट येत राहते, मिलिमीटरभर हलवलं की ती लांबत जाते आणि मग एकदम एकच सूर लागतो. मीटर बघायची गरज पडत नाही, कानाला कळतं. धक्क्याला लावताना एक पुढे, एक रिव्हर्स, बोट जागच्या जागी फिरते, हे सुख एका इंजिनवाल्याला नाही. उभी असताना मात्र डुलते भयंकर, उलटीवाले पाहुणे आणू नका.

ड्राइव्हबद्दल दोन गोष्टी. ब्राव्हो वन डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना फिरू शकतो, केबलची जोडणी बदलली की झालं, त्यामुळे दोन्ही बाजूंना एकच स्पेअर ड्राइव्ह चालतो. आणि ट्रान्समला जोडणारे रबरी बेलोज (घडीदार नळ्या) दर दोन-तीन वर्षांनी बदला, दिसायला चांगले असले तरी. ते फाटले तर पाणी थेट बोटीत येतं आणि बोट नांगरावरच बुडते. आम्ही हे सगळं न्यू जर्सीच्या भाच्याकडून मागवतो, जाताना त्याच्या बॅगेत लीलो चिवडा, येताना बेलोज आणि इम्पेलर (पाण्याच्या पंपाचं रबरी चाक).

बडोद्यात राहण्याचा एक फायदा आहे तो म्हणजे मकरपुरा जीआयडीसी, आमची औद्योगिक वसाहत. शाफ्ट, फ्लँज, ब्राँझची बुश, काहीही सॅम्पल नेऊन द्या, आठवड्यात टर्न करून मिळतं आणि मुंबईच्या मरीन दुकानाच्या एक चतुर्थांश भावात. पण इलेक्ट्रिकमध्ये हे करू नका. आमच्या ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणाला, साहेब कारचा अल्टरनेटर बसवून देतो, तोच तर आहे. तो नाही. मरीन अल्टरनेटर आणि स्टार्टर असे बनवलेले असतात की आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू नये, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळात साचून बसते. म्हणून तर स्टार्ट करायच्या आधी चार मिनिटं ब्लोअर (तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा) चालवायचा आणि तरीही इंजिनाचं झाकण उघडून नाकाने वास घ्यायचा. काका ब्लोअरपेक्षा नाकावर जास्त विश्वास ठेवतात.

कागदांचं शेवटी लिहितोय पण बघा आधी. बाहेरून आलेली बोट असेल तर कस्टम ड्युटी भरल्याची बिल ऑफ एंट्री मूळ प्रत मागा, तिच्यावरचा हलचा नंबर आणि ट्रान्समवर उजव्या बाजूला कोरलेला नंबर स्वतः डोळ्यांनी जुळवा, इंजिनांचे दोन्ही नंबरही. "पेपर एजंटकडे आहेत, पुढच्या आठवड्यात येतील" असं कोणी म्हणालं तर पुढच्या आठवड्यातच टोकन द्या.