छोट्या गाडीसाठी विंडटोन हॉर्न: जोडी दमदार, पण रिलेशिवाय बसवू नका

पावसाळ्यात बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरताना कंपनीने दिलेला हॉर्न किती तोकडा आहे ते कळतं. दाट धुकं, आंधळं वळण, समोरून चढणारा मालट्रक आणि आपला आवाज त्याच्या केबिनपर्यंत पोचतच नाही. निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात उसाचा हंगाम सुरू झाला की पुन्हा तेच. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरवर गाणी मोठ्याने लावलेली असतात, मागे गाडी आहे याचा चालकाला पत्ताच नसतो.

बऱ्याच छोट्या गाड्यांच्या खालच्या मॉडेलांत एकच डिस्क हॉर्न (चपटा, थाळीसारखा) असतो, तोही चढ्या सुराचा. जवळ उभ्या माणसाच्या कानाला तो टोचतो, पण इंजिनाच्या घरघरीतून आणि बंद काचेतून आत जात नाही. विंडटोनच्या, म्हणजे शंखाच्या आकाराच्या हॉर्नच्या, जोडीत एक हॉर्न साधारण ४०० हर्ट्झचा, दुसरा ५०० च्या आसपास. दोन्ही एकदम वाजले की आवाज भरदार होतो आणि लांबवर ‘मोठी गाडी आली’ असं कळतं. आमच्या मते या भागातल्या रस्त्यांसाठी हीच जोडी योग्य. कोईमतूरच्या रूट्सची विंडटोन जोडी बहुतेक दुकानांत मिळते. बॉश, हेला, मिंडा यांचेही पर्याय आहेत. १२ व्होल्टचीच जोडी घ्या (ट्रकची २४ व्होल्टची असते) आणि एकावर ‘एल’ (लो, खालचा सूर), दुसऱ्यावर ‘एच’ (हाय, वरचा सूर) आहे ना ते बघा. एकाच सुराचे दोन हॉर्न गळ्यात पडले तर पैसे वाया.

खरेदीआधी एक तपासणी करा. गाडी चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीवरचा व्होल्टेज बघा, तो साधारण १३.५ ते १४.५ असतो. मग कुणाला तरी हॉर्न दाबायला सांगून हॉर्नच्या पिनांवर मोजा. एक व्होल्टहून जास्त फरक आला तर दोष हॉर्नपेक्षा वायरिंगचा: पिनला गंज किंवा अर्थिंग सैल. पिना घासून साफ केल्या तरी जुना हॉर्न कधीकधी पुरेसा सुधारतो. स्टिअरिंग फिरवताना हॉर्न मध्येच बंद पडत असेल आणि एअरबॅगचा दिवाही लागला असेल, तर बहुधा स्टिअरिंगमधली स्पायरल केबल तुटलेली असते. तिथे नवीन हॉर्नचा उपयोग नाही.

आता मुख्य मुद्दा. विंडटोनचा एक हॉर्न साधारण ५ अँपिअर ओढतो, म्हणजे जोडी १० च्या आसपास. कंपनीची वायर आणि स्विच एका छोट्या हॉर्नच्या हिशोबाने दिलेले असतात, फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा. जुन्याच वायरला दोन्ही हॉर्न जोडले की ती तापते, व्होल्टेज पडतो, जोडी मरगळल्यासारखी वाजते आणि लोक हॉर्नला नावं ठेवतात. काही गाड्यांत हॉर्न आणि ब्रेकलाइट एकाच फ्यूजवर असतात. घाटात तो उडाला तर मागच्याला तुमचा ब्रेक दिसणार नाही. म्हणून ३० किंवा ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले हवाच. रिले म्हणजे हॉर्नच्या बटणाच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच.

जोडणी अवघड नाही. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, बहुतेक गाड्यांत १० चा पाना लागतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, बॅटरीपासून वीतभराच्या आत २० अँपिअरचा फ्यूज टाका आणि ती रिलेच्या ३० नंबरच्या पिनला न्या. ८७ वरून निघालेली वायर दोन्ही हॉर्नच्या पॉझिटिव्हला जाते. पुढच्या दोन फाट्यांना १.५ ची चालते. जुन्या हॉर्नला आलेल्या दोन वायर ८५ आणि ८६ ला लावा. काही गाड्यांत जुन्या हॉर्नला एकच वायर येते, निगेटिव्ह बॉडीतून मिळतो. तिथे ती वायर ८६ ला आणि ८५ अर्थला. नव्या गाड्यांत हॉर्न कॉम्प्युटरवरून चालतो, त्यांना आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले बरा; मग ८६ ला पॉझिटिव्हच गेला पाहिजे, उलटं चालत नाही. अर्थसाठी बॉडीवरचा रंग खरवडून, रिंग लग (वायरच्या टोकाची गोल कडी) घट्ट आवळून वर ग्रीस लावा.

कंपनीची वायर कापू देऊ नका. वॉरंटीच्या वेळी शोरूम नेमकं तेवढंच बघतं. जुन्या कपलरमध्ये बसणारं तयार हार्नेस (वायरींची बांधलेली जुडी) मिळतं, ते घ्या. वायर पिळून वर टेप गुंडाळणारे बरेच आहेत. आपल्याकडच्या एका पावसाळ्यात तो जोड हिरवा पडतो. रिले बॅटरीजवळ, पिना खाली करून बसवा.

जागेचा प्रश्न खरा आहे. शंखाच्या आकाराचा विंडटोन जाड असतो आणि लहान गाडीत बंपर न काढता बसणं कठीण. बंपर काढला की एकदोन क्लिपा तुटतातच, त्या आधीच आणून ठेवा. जागाच नसेल तर डिस्क हॉर्नची जोडी घ्या. आवाज थोडा कमी भरदार, पण ती सहज मावते. हॉर्न त्याच्यासोबत आलेल्या पोलादी पट्टीवरच लटकवा. ती पट्टी लवचीक असते ते मुद्दाम. हॉर्न थेट बॉडीला आवळला किंवा बंपरला टेकला तर आवाज दबतो आणि फाटतो. सगळीकडून निदान दोन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा.

शंखाचं तोंड खाली आणि किंचित पुढे हवं. वर किंवा आडवं ठेवलं की पाणी साचतं आणि हॉर्न गुळण्या केल्यासारखा वाजतो. खानापूरकडच्या लाल चिखलाने तर तोंडच बुजतं. विंडटोनचा हा खरा उणेपणा आहे, डिस्क हॉर्नला हा त्रास कमी. सर्व्हिसिंगला धुताना जाळीतून प्रेशरचं पाणी थेट मारू नका म्हणून सांगा. पाणी गेलंच तर तीन-चार वेळा थोडा थोडा दाबा. पाठीवरचा स्क्रू फिरवून आवाज वाढवायच्या फंदात पडू नका, त्याने आतले पॉइंट जळतात.

कायद्याचं बघायचं तर दोन्ही सूर एकदम वाजणारी जोडी चालते. एकामागून एक सूर बदलणारा, कर्कश किंवा प्रेशर हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे चालत नाही. विनाकारण किंवा मनाई असलेल्या जागी वाजवला तर कलम १९४ फ खाली पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. भीमगड अभयारण्याच्या बाजूने जाताना तर हात आवरलाच पाहिजे, तिथली जनावरं या आवाजाने बिथरतात.

काम झाल्यावर इलेक्ट्रिशियनला पैसे देण्याआधी मल्टिमीटर पुन्हा लावायला सांगा. हॉर्न वाजत असताना बॅटरी आणि हॉर्नच्या पिना यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक नको. जास्त आला तर अर्थिंग आणि लग तिथेच पुन्हा करून घ्या.