पहिलं डेस्कटॉप ॲप दुसऱ्याच्या मशीनवर: पायथन, डॉट नेट की इलेक्ट्रॉन?

एक्सईवर, म्हणजे विंडोजवर थेट चालणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलवर, डबल क्लिक केलं की काळी खिडकी उघडते आणि काही वाचायच्या आत मिटते. आपलं पहिलं ॲप दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नेलेल्या बहुतेकांनी हे अनुभवलेलं असतं. माझं ॲप साठ्याची नोंद ठेवणारं होतं, पायथनमध्ये लिहिलेलं. माझ्याकडे ते तीन महिने बिनतक्रार चाललं, पण ते सगळे महिने मी ते एडिटरमधूनच चालवत होतो. मित्राच्या लॅपटॉपवर ते उघडेचना. शेवटी तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडला, एक्सई त्यातून चालवली, तेव्हा एरर वाचता आली: डेटाबेसमध्ये असं टेबलच नाही.

डेटाबेसची फाइल तर एक्सईच्या शेजारीच ठेवलेली होती. झालं होतं असं, की सगळं एकाच फाइलमध्ये बांधलेली पायथनची एक्सई सुरू होताना स्वतःला एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते आणि कोड तिथून चालतो. माझा कोड ‘मी जिथे आहे तिथली फाइल’ उघडत होता. त्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये फाइल नव्हती. एसक्यूलाइटला (माझ्या ॲपचा डेटाबेस सांभाळणारी लायब्ररी) फाइल सापडली नाही की ते तक्रार करत नाही, मुकाट्याने नवी रिकामी फाइल तयार करतं. त्या रिकाम्या फाइलमध्ये टेबल कुठून असणार? टेबल नसेल तर ते तयार करणारा कोड मी लिहिलेला असता, तर याहून वाईट झालं असतं. ॲप छान चाललं असतं, नोंदी झाल्या असत्या आणि ॲप बंद करताच तात्पुरत्या फोल्डरसकट पुसल्या गेल्या असत्या.

हे सांगायचं कारण, नवीन माणूस भाषा किंवा फ्रेमवर्क निवडताना ‘लिहायला सोपं काय’ एवढंच बघतो. माझ्या मते आधी बघायचं ते हे: ज्या मशीनवर तुमचं काहीही इन्स्टॉल केलेलं नाही, तिथे हे चालवण्यासाठी काय काय सोबत न्यावं लागेल आणि ते नेण्याचं ओझं कोणावर पडेल? डेव्हलपरच्या मशीनवर इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा प्रोग्राम), रनटाइम (ॲप चालायला लागणारा पाया), डीएलएल (प्रोग्रामना लागणाऱ्या तयार कोडच्या फाइल) सगळं आधीच असतं, म्हणून ते लागतं हेच कळत नाही. सी प्लस प्लसवाल्यांना ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही’ हा निरोप येतो तो याचमुळे. व्हिज्युअल स्टुडिओसोबत ती फाइल तुमच्याकडे आलेली असते, समोरच्याकडे नसते.

पायथन आणि पायइन्स्टॉलर

पायथन येत असेल आणि ॲप छोटं असेल, तर हा रस्ता चांगला आहे. पायइन्स्टॉलर तुमचा कोड, पायथनचा इंटरप्रिटर आणि लागणाऱ्या लायब्ररी एकत्र बांधतो. समोरच्याकडे पायथन असण्याची गरज उरत नाही.

पहिला निर्णय असतो एक फाइल की एक फोल्डर. सगळ्यांना एक फाइल हवी असते, कारण ती पाठवायला सुटसुटीत. मी मात्र फोल्डरच निवडायला सांगेन. एक फाइल प्रत्येक वेळी सुरू होताना उलगडावी लागते, म्हणून ती उशिरा उघडते. अँटिव्हायरसही तिच्यावर जास्त संशय घेतात, कारण स्वतःला तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडून तिथून चालणं ही सवय व्हायरसचीही असते. फोल्डरमध्ये काय गेलं, काय राहिलं हे तुम्हाला डोळ्यांनी बघता येतं. सुटसुटीतपणा हवाच असेल तर तो इन्स्टॉलरकडून मिळतो, त्यासाठी एका फाइलचा हट्ट नको.

दुसरी अडचण हरवलेल्या मॉड्यूलची. पायइन्स्टॉलर कोडमधल्या इम्पोर्टच्या ओळी वाचून काय लागेल ते ठरवतो. एखादी लायब्ररी चालता चालता नावावरून दुसरं मॉड्यूल मागवत असेल, तर ते त्याला दिसत नाही. अशी मॉड्यूल ‘हिडन इम्पोर्ट’ म्हणून हाताने सांगावी लागतात. आयकॉन, टेम्प्लेट, फॉन्ट यांचंही तेच, सांगितल्याशिवाय ते सोबत येत नाहीत.

काळी खिडकी नको म्हणून ‘विंडोड’ पर्याय लावला, की आणखी एक गोष्ट बदलते. छापायला कन्सोलच (ती काळी खिडकी) नसल्याने विंडोजवर पायथनचं स्टँडर्ड आउटपुट ‘नन’, म्हणजे काहीच नाही, असं होतं. त्यात थेट लिहू पाहणारी लायब्ररी तिथेच कोसळते, आणि एरर छापायला कन्सोलही नसतो. म्हणून हा पर्याय लावण्याआधी लॉग फाइल लिहायची सोय करा. आधी, नंतर नाही.

आणि पायइन्स्टॉलर विंडोजवर बसून मॅकसाठी बांधून देत नाही. ज्या सिस्टिमसाठी ॲप हवं, त्याच सिस्टिमवर ते बांधावं लागतं.

डॉट नेट

डॉट नेट म्हणजे ॲप बनवण्याचं आणि चालवण्याचं मायक्रोसॉफ्टचं साधन. ॲप फक्त विंडोजवर चालायचं असेल, तर नवीन माणसाला सगळ्यात कमी त्रास इथे होतो असं माझं स्पष्ट मत आहे. खिडक्या आणि बटणं बनवायला त्यात दोन संच आहेत: विनफॉर्म्स २००२ पासून, डब्ल्यूपीएफ २००६ पासून. बटण, तक्ता, प्रिंट असलं नेहमीचं काम दोन्हींत व्यवस्थित होतं.

गोंधळ होतो तो नावांमुळे. जुनं ‘डॉट नेट फ्रेमवर्क’ वेगळं आणि २०२० च्या ‘डॉट नेट ५’ पासूनची नवी मालिका वेगळी. फ्रेमवर्क ४.८ विंडोज ११ मध्ये आधीच असतं. नवं डॉट नेट विंडोजसोबत येत नाही, ते वेगळं न्यावं लागतं. इथे दोन पर्याय मिळतात. ‘फ्रेमवर्क डिपेंडंट’ निवडलं तर तुमचं ॲप लहान राहतं, पण समोरच्याला आधी रनटाइम इन्स्टॉल करा असा निरोप दिसतो. ‘सेल्फ कंटेंड’मध्ये रनटाइम सोबत जातं, आकार बराच वाढतो, पण डबल क्लिक केलं की ॲप उघडतं. अनोळखी लोकांना ॲप द्यायचं असेल तर सेल्फ कंटेंडच करा. आकार कमी करण्यासाठी ‘ट्रिमिंग’ नावाचा पर्याय दिसेल, पण विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफसाठी त्याला अधिकृत आधार नाही, म्हणून त्याच्या नादी लागू नका.

मर्यादा उघड आहे: विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ मॅक किंवा लिनक्सवर चालत नाहीत.

इलेक्ट्रॉन

वेबच्या भाषांत डेस्कटॉप ॲप लिहू देणारा, गिटहबमध्ये २०१३ साली ॲटम एडिटरसाठी सुरू झालेला हा प्रकल्प. आज व्हीएस कोड, स्लॅक, डिस्कॉर्ड यांची डेस्कटॉप ॲप त्यावर उभी आहेत. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट येणाऱ्याला लगेच काम सुरू करता येतं, आणि तिन्ही सिस्टिमवर ॲप सारखंच दिसतं, कारण प्रत्येक ॲप स्वतःचं क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) सोबत नेतं. अगदी साधं ॲपही शंभर एमबीच्या पुढे जातं ते त्यामुळे. मेमरीही त्याच प्रमाणात लागते.

आकाराबद्दल सगळे बोलतात. मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची जबाबदारी. क्रोमियममध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या सतत येत असतात. ब्राउझर स्वतःहून अपडेट होतो, पण तुमच्या ॲपमधलं क्रोमियम तुम्ही नवी आवृत्ती दिल्याशिवाय बदलत नाही. इलेक्ट्रॉनची मोठी आवृत्ती साधारण ८ आठवड्यांनी येते आणि आधार शेवटच्या तीनच मोठ्या आवृत्त्यांना मिळतो. एकदा बांधून द्यायचं आणि विसरायचं, अशा कामासाठी हे साधन नाही.

नवख्यांची नेहमीची चूक पॅकेजच्या यादीत होते. एखादं मॉड्यूल चुकून ‘डेव्ह डिपेंडन्सीज’मध्ये (फक्त डेव्हलपरला लागणाऱ्या गोष्टींच्या यादीत) टाकलं, तर तुमच्याकडे सगळं चालतं, पण इलेक्ट्रॉन बिल्डर हे पॅकेज करणारं साधन ॲप बांधताना ते वगळतं. मग समोरच्याकडे ‘मॉड्यूल सापडत नाही’. तसंच, बांधलेला कोड ‘असार’ नावाच्या एका गठ्ठ्यात जातो. त्यातून वाचता येतं, त्यात लिहिता येत नाही. सेटिंगची फाइल कोडशेजारी ठेवणारं ॲप तिथे अडकतं.

हलका पर्याय म्हणून टॉरीचं नाव घेतलं जातं. ते सिस्टिममधलाच वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपान दाखवणारा भाग) वापरतं, म्हणून ॲप लहान होतं. पण विंडोज, मॅक आणि लिनक्सवर तो वेबव्ह्यू वेगवेगळा असल्याने दिसण्यात फरक पडतो, आणि खोलात शिरलात की रस्ट ही भाषा शिकावी लागते. पहिल्याच ॲपसाठी मी ते सुचवणार नाही.

काहीही निवडलं तरी न चुकणारं

‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डरमध्ये साध्या युजरला लिहिता येत नाही. तुमच्या डेस्कटॉपवरून चालणारं ॲप इन्स्टॉल झाल्यावर ‘परवानगी नाही’ म्हणतं, ते याचमुळे. ‘ॲडमिन म्हणून चालवा’ असं सांगणं हा उपाय नव्हे. युजरचा डेटा त्याच्या स्वतःच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये ठेवा. एका नियमाने असल्या अर्ध्या तक्रारी येतच नाहीत. आणि युजरचं नाव देवनागरीत किंवा मध्ये स्पेस असलेलं असू शकतं, तेव्हा एकदा तशा नावाच्या खात्यावर चालवून बघा.

दुसरं म्हणजे डिजिटल सही, ॲप कोणाचं आहे याची ओळख. पेनड्राइव्हवरून नेलेली एक्सई सहसा निमूट उघडते, पण तीच इंटरनेटवरून उतरवली की ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’ अशी निळी पाटी येते. उतरवलेल्या फाइलवर ब्राउझर तशी खूण करून ठेवतो. पेनड्राइव्हने तपासणाऱ्या डेव्हलपरला ही पाटी दिसतच नाही, पहिल्या ग्राहकाला दिसते. ‘मोअर इन्फो’ दाबून ‘रन एनीवे’ करता येतं, पण अनोळखी माणूस ते करेलच असं नाही. कोड सायनिंग सर्टिफिकेट विकत मिळतं. जून २०२३ पासून त्याची खासगी किल्ली हार्डवेअर टोकनमध्ये किंवा तशाच सुरक्षित उपकरणात ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे खर्च आणि खटाटोप दोन्ही धरून चला. मॅकवर वाट याहून अरुंद आहे. ॲपलच्या डेव्हलपर प्रोग्रामची वर्षाला ९९ डॉलर वर्गणी, सही आणि वर नोटरायझेशन, म्हणजे ॲपलकडून ॲप तपासून घेणं. मॅक खरंच लागणार आहे का, हे आधीच ठरवा.

इन्स्टॉलर बांधायला विंडोजवर इनो सेटअप हे साधन पुरेसं आहे. त्यात ‘ॲपआयडी’ (ॲपची ओळख) एकदा ठरली की पुढच्या कुठल्याही आवृत्तीत बदलू नका, नाहीतर इन्स्टॉलर नवी आवृत्ती वेगळंच ॲप समजतो.

मग घ्यायचं काय?

एका कार्यालयातली विंडोजची दहा-वीस मशीन असतील, तर डॉट नेट. हिशेब, आलेख, डेटा असं काम असेल आणि कोड आधीच पायथनमध्ये असेल, तर दुसऱ्या भाषेत नव्याने लिहीत बसू नका, पायइन्स्टॉलरचा फोल्डर आणि वर इनो सेटअप. तिन्ही सिस्टिम खरोखर हव्यात, वेबचं काम हातात बसलेलं आहे आणि दर दोन-तीन महिन्यांनी नवी आवृत्ती देण्याची तयारी आहे, तरच इलेक्ट्रॉन.

निवड झाली की पहिल्याच आठवड्यात नुसती एक खिडकी आणि एक बटण असलेलं ॲप बांधून कोऱ्या मशीनवर चालवा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘विंडोज सँडबॉक्स’ मिळतो. उघडला की कोरी विंडोज, बंद केला की सगळं पुसलेलं. होम आवृत्तीत तो नाही, तिथे व्हर्च्युअल मशीन वापरा.

साठ्याचं ते ॲप मी शेवटी पायथनमध्येच ठेवलं. एका फाइलऐवजी फोल्डर केला, डेटाबेस ‘ॲपडेटा’मध्ये हलवला, आणि सुरू होताच डेटाबेसचा पूर्ण पत्ता लॉगमध्ये लिहिणारी एक ओळ घातली. मित्राचा फोन आला की मी आधी ती ओळ वाचून दाखवायला सांगतो.