सापाला माइट्स (रक्त पिणारे बारीक कोळी) झाले म्हणून त्यांना खाणारे परभक्षी कोळी सोडले, सहा महिन्यांनंतरचा अनुभव

मी डॅलसजवळ प्लॅनोला राहतो. घरात एक बॉल पायथन (छोटा बिनविषारी अजगर) आहे, नाव लाडू, गुंडाळी करून बसली की खरंच लाडूच दिसते. नोव्हेंबरात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका एक्स्पोमधून कॉर्न स्नेक (हाही बिनविषारी साप) आणला, तो केशर. (भारतातून वाचताय त्यांच्यासाठी, आपल्याकडचे साप घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, त्यामुळे धामण-बिमण धरून आणू नका.) केशरला क्वारंटाइन केलं होतं असं मी सगळ्यांना सांगायचो, खरं म्हणजे त्याच खोलीत दुसऱ्या टेबलावर ठेवला होता, आणि पाण्याची भांडी दोघांची एकाच सिंकमध्ये धुवायचो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लाडू पाण्याच्या भांड्यात जाऊन बसली ती तीन दिवस उठेचना, मला वाटलं कात टाकायची असेल. चौथ्या दिवशी भांडं धुवायला घेतलं तर तळाला खसखशीसारखे काळे ठिपके, आणि काठावरचे दोन चक्क चालत होते. टॉर्च आणला. लाडूच्या डोळ्याच्या कडेला एक खवला उचलल्यासारखा दिसत होता, त्याच्या खाली टम्म फुगलेला माइट. ओला पांढरा टिश्यू हनुवटीखालच्या खाचेत दाबला तर लाल-तपकिरी रेघ उमटली. ते रक्त तिचंच होतं म्हणजे. त्या रात्री मला स्वतःच्या अंगावर काहीतरी चालतंय असं वाटत राहिलं, झोप नाही.

पहिलं काम सगळे करतात तेच केलं, दुकानातून माइट्स मारायचा स्प्रे आणला. पर्मेथ्रिनवाला (एक कीटकनाशक) घेतला नाही कारण घरात मांजर आहे आणि पर्मेथ्रिन मांजराला विषारी असतं, ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी हे आधी बघा. दुसरा साधा मारला. पाच-सहा दिवस एकदम शांत, मी खूश, आणि पंधराव्या दिवशी परत खसखस. मग कळलं की अंडी सापावर नसतातच, ती सापाच्या काचेच्या टाकीच्या कोपऱ्यात, लाकडाच्या चिरेत, जिथे अंधार आणि ओल असते तिथे असतात. एक मादी आयुष्यात साठ-ऐंशी अंडी घालते, आणि अंड्यापासून मोठा माइट व्हायला उबेत दोन-तीन आठवडे पुरतात. वर हे उपाशीपोटी काही आठवडे तग धरतात, त्यामुळे साप बाहेर काढून टाकी चार दिवस रिकामी ठेवली तरी ढिम्म फरक पडत नाही. लाडूला व्हेटकडे (जनावरांच्या डॉक्टरकडे) नेऊन आणली, हिरड्या थोड्या फिक्या पण फुप्फुसं स्वच्छ, दर रविवारी वजन करा म्हणाले. वजन १४२० ग्रॅमवरून १३६० वर आलं होतं.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आप्पांना सांगितलं. तासगावला आमची द्राक्षं, त्यांनी जन्मभर लाल कोळ्याशी (तोही माइटच) मारामारी केलेली. सापाचं नाव काढलं की एरवी फोन आईकडे देतात, पण कोळी म्हटल्यावर एकदम सरसावून बसले. "अरे मग मित्रकीड सोड की. आणि औषध मारू नगंस, त्यात त्या पण मरत्यात."

मित्रकीड म्हणजे नुकसान करणारी कीड खाणारी कीड. शोधलं तर माइट्स खाणारे कोळी खरंच मिळतात. स्ट्रॅटिओलेलॅप्स सिमिटस नाव, जुन्या लेबलांवर हायपोअ‍ॅस्पिस माइल्स. मुळात ग्रीनहाऊसमध्ये कुंड्यांच्या मातीतल्या चिलटांच्या अळ्या खायला वापरतात, मातीच्या वरच्या थरात राहतात, सापाचे माइट्स दिसले की तेही खातात. सापाला किंवा माणसाला चावत नाहीत. बाटलीत भुश्यासारखं काहीतरी असतं आणि त्यात फिकट तपकिरी ठिपके पळत असतात.

पहिली बाटली मी वाया घालवली. आप्पांनी सांगूनही. स्प्रे मारलेल्या टाकीत, नुसत्या पेपर टॉवेलवर ओतली. स्प्रेचा अंश होता आणि पेपरवर लपायला जागा ना ओल, दोन दिवसांत सगळे गायब. तीसेक डॉलर गेले.

दुसरी जानेवारीच्या मध्यावर. या वेळी टाकी साबणाने धुऊन चार वेळा नुसत्या पाण्याने काढली, लाकूड ओव्हनमध्ये भाजलं (त्या ओव्हनमधला केक मी आता खाणार नाही असं बायकोने जाहीर केलं, अजून खात नाही), नारळाच्या भुश्याचा तीन बोटं थर दिला, गरम बाजू ३२ अंश, थंड बाजू २६, ओलावा साठ टक्क्यांच्या वर. बाटली अर्धी लाडूकडे, अर्धी केशरकडे, थंड बाजूला पसरली. साप आतच ठेवले. सोबत दर दोन दिवसांनी कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवणं आणि डोळ्याभोवती ओल्या कापडाने पुसणं चालू, कारण हे कोळी भुश्यात काम करतात, सापाच्या डोळ्यात घुसलेला माइट तिथे चढून काढायला जात नाहीत. विकणारे ही गोष्ट सांगत नाहीत.

पहिले दहा दिवस काहीच वाटेना, उलट काचेवर काहीतरी पळताना दिसलं की पोटात गोळा. नंतर नजर बसली: सापाचा माइट काळा, गोल, रेंगाळत चालतो, आणि आपला कोळी फिकट आणि पळपुट्या. टिश्यूवर मोजायचो, आधी बारा-पंधरा, मग पाच, मग दोन. फेब्रुवारीत आणखी एक बाटली सोडली कारण आधी सोडलेले कोळी खायला कमी पडलं की मरतात. टिश्यूवरचा शेवटचा काळा ठिपका २ मार्चला. त्यानंतर आज जुलैपर्यंत एकही नाही. लाडूने एप्रिलमध्ये अखंड कात टाकली, डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांसकट, मी ती कात दिव्यासमोर धरून कितीतरी वेळ बघत होतो. वजन आता १४८०.

तर स्प्रेपेक्षा बरं का? माझ्यासाठी हो, घरात मांजर आणि दोन साप म्हणून. पण सापाच्या अंगावर आज शेकड्याने माइट्स असतील, साप मलूल असेल तर यांच्या भरवशावर थांबू नका, आधी व्हेट. पेपर टॉवेलवरच साप ठेवणाऱ्यांना तर याचा उपयोगच नाही. आणि माझे तीन बाटल्यांचे पैसे गेले त्यातले एकीचे निव्वळ माझ्या मूर्खपणाचे.

तिसऱ्या बाटलीत तळाला थोडं उरलं होतं ते बायकोने थंडीमुळे घरात आणलेल्या तुळशीच्या कुंडीत ओतलं, तिथली चिलटं तीन आठवड्यांत गेली. आप्पांना ते जास्त आवडलं.