पोकरच्या नोंदी: ॲपमध्ये की वहीत?

२०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन पोकरवर बंदी आली, तरी लातूर-नांदेडकडं रात्री ॲपवर फुकटच्या चिप्सची टेबलं बसतातच. मग समोरच्याचा खेळ टिपायचा कुठं?

ॲपमधली नोंद खेळाडूच्या नावालाच चिकटलेली असते. तो पुन्हा टेबलावर आला की एका टचवर हजर. पण घाईत लिहिलं जातं ते "येडं हाय" असलं काहीतरी, त्याचा काडीचा उपयोग नाही. कामाची नोंद अशी: "बटनवरून रेझ, फ्लश हुकला, तरी रिव्हरवर पॉटएवढी बेट." म्हणजे डीलरच्या जागेवरून (बटन) पैज वाढवली, एकाच चिन्हाचे पाच पत्ते (फ्लश) जमले नाहीत, तरी शेवटचा पत्ता (रिव्हर) उघडल्यावर मधल्या सगळ्या चिप्सएवढी (पॉट) पैज लावली. पत्ते उघडे पडले तेव्हाच लिहावी, बाकी सगळा अंदाज. तेही एकाच डावावरून शिक्का मारू नये; त्या दिवशी गडी नुसता चिडलेला असू शकतो. आणि नोंदी फोनमध्येच साठवणारं ॲप असेल, तर मोबाइल बदलला की सगळं साफ.

वही चालू खेळात कुचकामी. वेळ संपत आलेली असताना पानं कोण चाळणार? खेळ संपल्यावर मात्र सवयी तिच्यात नीट दिसतात: अमका रीरेझ झाला (त्याच्या पैजेवर कुणी आणखी वाढवलं) की पत्ते टाकतो, तमका ड्रॉ असला (जुळणी एका पत्त्यानं अडलेली असली) की कॉल, म्हणजे समोरच्याएवढी पैज लावणं, सोडत नाही.

टेबलावर मी ॲपच वापरीन. वही फक्त रोजच्या चार गड्यांसाठी.