ग्रॅनरी बरीइंग ग्राउंड, बॉस्टन: सॅम्युअल ॲडम्स यांच्यासाठी वेळ काढा

पार्क स्ट्रीट स्टेशनातून वर आलं की चर्चला लागूनच ही दफनभूमी. १६६० सालापासूनची, प्रवेश मोफत. फ्रीडम ट्रेलवर, म्हणजे शहरातल्या ऐतिहासिक जागा जोडणाऱ्या पायवाटेवर असल्याने गर्दी भरपूर. लोक अमेरिकी स्वातंत्र्यलढ्यातल्या जॉन हॅनकॉकच्या स्तंभापाशी फोटो काढतात, त्याच लढ्यातल्या पॉल रिव्हियरच्या थडग्यावर नाणी ठेवतात आणि पुढे निघतात.

मी मात्र सॅम्युअल ॲडम्स यांच्यासाठी गेले होते. रस्त्याकडच्या कुंपणाजवळ एक ओबडधोबड दगड, त्यावर ब्राँझची पाटी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे, राज्याचे गव्हर्नर, देशभक्त. सगळं खरं, पण मला ते अपुरं वाटलं. या माणसाची उमेदीची वर्षं गेली ती बॉस्टनच्या नगरसभेत. वडिलांचा माल्टचा धंदा बुडाला, मग नगराची करवसुली अंगावर आली. वसुलीत इतके ढिले की थकबाकी त्यांच्याच नावावर चढली. लोकांची नाडी त्यांना तिथेच सापडली असणार, असं मला वाटतं. १७७२ मध्ये त्यांनी सभेत पत्रव्यवहार समितीचा ठराव आणला आणि मॅसॅच्युसेट्समधली लहान लहान गावं एकमेकांशी बोलू लागली. गव्हर्नरपद आलं ते थेट सत्तरी ओलांडल्यावर.

शेजारचा दगड न वाचता निघू नका. ५ मार्च १७७० ला ब्रिटिश सैनिकांनी केलेल्या गोळीबारात मेलेले पाच जण तिथे आहेत. त्यांच्यासोबत ख्रिस्टोफर सायडर, त्याच फेब्रुवारीत गोळी लागून गेलेला अकरा-बारा वर्षांचा मुलगा. पाटीवर त्याचं आडनाव स्नायडर आहे. गोळीबाराच्या दुसऱ्याच दिवशी ॲडम्स नगराचं शिष्टमंडळ घेऊन ब्रिटिशांचे प्रभारी गव्हर्नर हचिन्सन यांच्यासमोर उभे राहिले, फौज शहरातून हलवा म्हणून. एक पलटण हलवतो, असं उत्तर आलं. एक हलवता येते तर दोन्ही हलवा, यावर ते अडून बसले आणि दोन्ही पलटणी शहराबाहेर गेल्या. हा प्रसंग तिथे एखाद्या फलकावर ठळकपणे हवाच होता. माझा एक तारा त्यासाठीच कमी.

बाकी व्यवस्था चांगली. पंख असलेल्या कवट्या कोरलेले स्लेटचे जुने थडग्यांचे दगड निवांत बघा. गवत कापायला सोपं जावं म्हणून एकोणिसाव्या शतकात ते सरळ रांगांत लावले गेले, त्यामुळे दगडाखाली तोच माणूस असेलच असं नाही. प्रवेशाशी पायऱ्या आहेत, वयस्कर मंडळींना हात द्यावा लागेल.

पुढे थोडं चालून ओल्ड साउथ मीटिंग हाउसही बघा. १६ डिसेंबर १७७३ ला, बॉस्टन टी पार्टीत ब्रिटिश कराच्या निषेधार्थ चहा समुद्रात पडण्याआधीची सभा तिथेच भरली होती. तिकीट आहे, पण पैसे वसूल.