सीडी मारायची की डीव्हीडी? आधी सांगा, वाजणार कशावर?

गेल्या महिन्यात बुधगावच्या मामांचा फोन आला. "अरे, आमच्या भजनाचं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये आहे. एक सीडी मारून दे की." मी विचारलं, "मामा, लावणार कशावर?" तर म्हणाले, "कशावर म्हणजे? सीडीवर!" दहा-पंधरा मिनिटं उलटतपासणी केल्यावर उलगडा झाला. देवघराशेजारी वीस-बावीस वर्षांचा जुना टू-इन-वन आहे, जावईबापूंच्या गाडीत स्टिरिओ आहे आणि सांगलीला मुलीकडे डीव्हीडी प्लेअर. म्हणजे भजन एकच, पण डिस्का तीन प्रकारच्या.

दुकानात सगळे विचारतात, "जास्त कशात बसतं?" माझ्या मते हा प्रश्नच उलटा आहे. डिस्क ज्या यंत्रात जाणार ते यंत्र आधी बघायचं, मग किती बसतं ते.

गाण्यापासून सुरुवात करू. इथं खरी निवड दोघांतच आहे, ऑडिओ सीडी की एमपीथ्री सीडी. कोरी डिस्क दोन्हीला तीच लागते, ७०० एमबीची सीडी-आर. फरक आपण तिच्यावर काय लिहितो त्यात. ऑडिओ सीडी म्हणजे १९८२ साली फिलिप्स आणि सोनीच्या जोडीनं बाजारात आलेला मूळ प्रकार. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, १६ बिट, डावा-उजवा वेगळा, काहीही न दाबता म्हणजे कॉम्प्रेस न करता. यात ८० मिनिटं बसतात, एक सेकंदही जास्त ताणायला जाऊ नये. पण सीडी लागणाऱ्या जवळपास कुठल्याही यंत्रावर ती वाजते. मामांचा टू-इन-वन एमपीथ्री ओळखतच नाही, त्यामुळे तिथं दुसरा पर्याय नव्हता.

एमपीथ्री म्हणजे आवाज दाबून लहान केलेली फाइल, त्यामुळे तिच्या सीडीचं गणित वेगळं. १२८ केबीपीएसनं (सेकंदाला १२८ किलोबिट) भरली तर साडेबारा तासांच्या आसपास, १९२ नं साडेआठ तास. सांगलीहून पुण्याला जाऊन परत आलात तरी संपणार नाही. गाडीसाठी हीच घ्या, फक्त स्टिरिओच्या तोंडावर 'एमपीथ्री' असं छापलेलं आहे का ते बघून घ्या. आणि फाइलांची नावं मराठीत ठेवू नका. आपल्याला कौतुक असतं, पण गाडीच्या छोट्या पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. इंग्रजी अक्षरांत लिहा आणि पुढं ०१, ०२ असे आकडे लावा. नाही तर काकडा संपायच्या आत भैरवी सुरू होते.

आवाजात फरक कळतो का? १९२ च्या पुढं गाडीत तरी मला कळत नाही. घरी चांगल्या स्पीकरवर, रात्रीच्या शांततेत तानपुऱ्याचा नाद मात्र वेगळा लागतो. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात गाणं होतं. तिथं ऐकलेल्या कानाला दाबलेल्या फाइलमधला तंबोरा पोकळ वाटतो, हे माझं मत. ज्यांच्याकडं असं मोठं, चांगलं रेकॉर्डिंग आहे त्यांनी ऑडिओ सीडीच करावी आणि एक गोष्ट पाळावी. लांबलचक ख्याल पुढं-मागं करायला सोपं जावं म्हणून आपण त्याचे चार ट्रॅक पाडतो. बर्न करणारं सॉफ्टवेअर प्रत्येक ट्रॅकच्या मध्ये आपण होऊन दोन सेकंदांची शांतता घालतं, आणि ती नेमकी समेवर येऊन बसते. सेटिंगमध्ये 'डिस्क-ॲट-वन्स' (सगळी डिस्क एका दमात लिहिणं) निवडा आणि गॅप शून्य करा.

उलट, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत फिरत आलेली फाइल ऑडिओ सीडीवर टाकली म्हणून सुधारत नाही. जे आधीच गाळून गेलंय ते परत कुठून येणार? तिथं ८० मिनिटांची मर्यादा उगीच ओढवून घेता, एमपीथ्रीच मारा.

आता व्हिडिओ. व्हीसीडी म्हणजे व्हिडिओ सीडी हा प्रकार अजूनही कुणी कुणी मागतं, कारण घरात जुन्या व्हीसीडींची थप्पी असते. १९९३ सालचं हे तंत्र, चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एका सीडीत ८० मिनिटं. आजच्या मोठ्या टीव्हीवर लावून बघा, नवरीच्या चेहऱ्यावर विटा रचल्यासारखे चौकोन दिसतील. कोरी डीव्हीडी मिळत असताना व्हीसीडी करण्याचं एकच कारण उरतं, घरातलं यंत्र फक्त व्हीसीडीचं असणं. तसं असेल तर माझा सल्ला, प्लेअर बदला.

म्हणजे प्रश्न उरतो डीव्हीडीचा, आणि इथंच बहुतेक लोक फसतात. मीही फसलो. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, इथं १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्यामुळे गल्लीतल्या हौशी मंडळालाही आपला प्रयोग चित्रित करायची हौस असते. आमच्याही मंडळाचा अडीच तासांचा प्रयोग मी शूट केला, लॅपटॉपवर जोडला आणि तयार झालेली एमपीफोर फाइल सरळ सहा डीव्हीडींवर कॉपी करून वाटली. संध्याकाळी सगळे चहा घेऊन टीव्हीसमोर बसले. डिस्क आत गेली, गरगरली, थांबली, पुन्हा गरगरली आणि निळ्या पडद्यावर आलं, 'नो डिस्क'. नायकाच्या आईनं माझ्याकडं बघितलं ते मी विसरलेलो नाही.

कारण साधं होतं. मी केली होती डेटा डीव्हीडी. ती लॅपटॉपवर चालते, पण साध्या प्लेअरला हवी असते डीव्हीडी-व्हिडिओ. त्यात व्हिडिओ एमपेग-टू मध्ये बदलून, ७२० बाय ५७६ मापात, ठरलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये व्हीओबी फाइलांचे तुकडे करून बसवावा लागतो. हे काम ऑथरिंगचं सॉफ्टवेअर करतं, नुसत्या कॉपी-पेस्टनं होत नाही. सोबत मेनूही करता येतो, पहिला अंक, दुसरा अंक असा.

किती बसतं? डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं, कॉम्प्युटर तेच ४.३८ दाखवतो. दुकानदारानं फसवलेलं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. एक तासाचं लग्न असेल तर चित्र डीव्हीडीला जमेल तितकं उत्तम येतं. दोन तासांना सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट वाट्याला येतात, तेही छान. आमच्या अडीच तासांच्या नाटकाला जेमतेम ४ आले. रंगमंचावर माणसं एका जागी उभी राहून बोलतात म्हणून ते खपून गेलं, पण वरातीतला नाच असता तर फाटलं असतं. तीन तासांच्या पुढं दोन डिस्का करा, किंवा ८.५ जीबीची डबल लेअर घ्या. डबल लेअर महाग पडते आणि काही जुने प्लेअर मधल्या सांध्यावर अडखळतात. मला दोन साध्या डिस्का जास्त भरवशाच्या वाटतात. नाटकाला मध्यंतर असतंच की.

मोबाइलवर घेतलेलं फुल एचडी शूटिंग डीव्हीडीत गेलं की चित्राचे ठिपके कमी होतात, हेही आधीच घरच्यांना सांगून ठेवा. मूळ फाइल डिलीट करू नका.

डीव्हीडी-आर की डीव्हीडी प्लस आर? यावर मुलं भांडतात, पण गेल्या पंधरा वर्षांतले प्लेअर दोन्ही घेतात. फार जुना प्लेअर असेल तर वजावाली, म्हणजे डीव्हीडी-आर घ्या. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू कुणाला देण्यासाठी वापरू नका. तिच्यावरून प्रकाश कमी परततो, जुन्या यंत्रांना ती दिसतच नाही. मी ती फक्त मेनू नीट झालाय का ते तपासायला वापरतो, मग तेच साध्या डिस्कवर मारतो. आणि शेवटी 'फायनलाइज' करायचं, म्हणजे डिस्कचं लिखाण बंद करायचं, नाही तर तुमच्या घरी चालणारी डिस्क दुसऱ्याच्या घरी मुकी होते.

अमेरिकेतल्या लेकाला पाठवायची असेल तर वेगळी गोष्ट. आपल्याकडं टीव्हीची 'पाल' (PAL) पद्धत, सेकंदाला २५ चित्रं. तिकडं एनटीएससी, जवळपास ३० चित्रं आणि ७२० बाय ४८०. तिकडचे बरेचसे प्लेअर आपली डिस्क घेत नाहीत. ऑथरिंग करतानाच एनटीएससी निवडा. खरं तर त्याला लिंक पाठवा, डिस्कचा हट्ट बहुधा आईचाच असतो.

ब्लू-रेचं थोडक्यात. २५ जीबी बसतात, एचडी चित्र जसंच्या तसं राहतं. पण रायटर वेगळा लागतो, प्लेअर वेगळा लागतो आणि आपल्या भागात नातेवाइकांपैकी कुणाकडं ब्लू-रे प्लेअर आहे ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात. सोनीनं तर २०२५ च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे डिस्का बनवणंच थांबवलं. वाटण्यासाठी नाही, साठवण्यासाठी, तेही रायटर आधीच घरात असेल तरच.

साठवण्याचा विषय सांगलीत निघाला की २०१९ चा ऑगस्ट आठवतो. गावभागातल्या आमच्या आत्याच्या घरात पाणी शिरलं. लग्नाचा अल्बम म्हणजे चिकटलेल्या कागदांचा ठोकळा झाला, व्हीएचएस कॅसेट उघडली तर आत गाळ. १९९४ च्या त्या कॅसेटची मी आधी केलेली डीव्हीडी मात्र चिखलातून निघाली. साध्या पाण्यानं धुतली, मऊ कापडानं मधून कडेकडं सरळ पुसली (गोल गोल नाही), सावलीत वाळवली. चालली. शेजारचीच एक सीडी गेली, तिच्या वरच्या बाजूचा पापुद्रा सुटला होता. सीडीत माहिती वरच्या छापील बाजूच्या लगेच खाली असते, डीव्हीडीत ती दोन पातळ थरांच्या मध्ये सँडविचसारखी असते. लोक सीडीची चकचकीत बाजू जपतात आणि वर बॉलपेननं जोर देऊन नाव लिहितात, म्हणजे नको तिथंच ओरखडा.

मामांना तीन डिस्का करून दिल्या, टू-इन-वनला ऑडिओ, गाडीला एमपीथ्री आणि मुलीच्या प्लेअरला मेनूसकट डीव्हीडी. वर मार्करनं लिहून दिलं, 'देवघर', 'गाडी', 'ताई'. आठवड्यानं फोन आला, "देवघराची वाजत नाही रे." जाऊन बघितलं तर टू-इन-वनमध्ये 'ताई' घातलेली.